‘रडगाणी कशाला?’ असं विचारणाऱ्या अभ्यास मंडळाला खुले पत्र

माननीय अधिष्ठाता, मानव्यविद्या शाखा,
आणि परकीय भाषा अभ्यास मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विभागाच्या फलकावर एक पानी परिपत्रक लागलं. त्यातली सातवी ओळ माझ्या विषयाची होती. एम.ए. रशियनच्या दुसऱ्या वर्षाचा ‘स्लाव्ह लोककथा आणि स्त्री-संस्कृती’ हा चार श्रेयांकांचा ऐच्छिक पेपर जूनपासून बंद, कारण ‘उपयोजितता कमी’. त्याच्या जागी ‘व्यावसायिक रशियन, भाग दोन’. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

हा पेपर मी बारा वर्षं शिकवते आहे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. माझं पोट या एका पेपरावर नाही, ‘व्यावसायिक रशियन’चे तासही कदाचित मलाच मिळतील. तेव्हा हे पत्र नोकरी वाचवायला लिहिलेलं नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

परिपत्रकानंतर मी दोन ईमेल पाठवले. आवक-जावकला लेखी अर्ज देऊन पोच घेतली. सहा आठवडे उत्तर नाही. वासिलीसाच्या रशियन लोककथेत बाबा यागा ही चेटकीण त्या पोरीला म्हणते, बरं झालं तू फक्त अंगणाबाहेर पाहिलेलं विचारलंस, माझ्या घरातला केर बाहेर नेलेला मला खपत नाही. मीही इतके दिवस केर घरातच ठेवला. आता तो चव्हाट्यावर आणते आहे, कारण आत ऐकायला कुणी बसलेलंच नाही.

आधी माझा या गोष्टींशी संबंध काय ते सांगते. आमच्या घरी मॉस्कोच्या ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ या प्रकाशनांची मराठी पुस्तकं होती. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून वडील ती आणायचे, जाड गुळगुळीत कागदाची, इतकी स्वस्त की आईसुद्धा कुरकुरत नसे. कोंबडीच्या पायांवर फिरणारी झोपडी मी मराठीतच पहिल्यांदा पाहिली. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पाहिली असेल. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, पुस्तकं यायची थांबली, आणि मी ती मूळ भाषेत वाचायला रशियन शिकले. मोठं स्वप्न वगैरे नव्हतं. पुढच्या गोष्टी हव्या होत्या, बस.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या ‘उपयोजितता’ शब्दाबद्दल. तो कुणी मोजला, कशानं मोजला, हे परिपत्रकात नाही. बारा वर्षांत एकदाही कुणी वर्गात येऊन बसलं नाही. बसलं असतं तर निदान गव्हाचा तास तरी पाहायला मिळाला असता. बाबा यागा वासिलीसाला काम देते: अंगण झाड, झोपडी झाड, स्वयंपाक कर, कपडे धू, आणि कणगीतला एक ‘चेत्वेर्त’ गहू ‘चेर्नूश्का’ वेचून साफ कर. चेर्नूश्का म्हणजे आपली कलौंजी. त्या तासाला मी घरून एक वाटी गहू आणते, त्यात दोन चमचे कलौंजी मिसळलेली, आणि वर्गासमोर ताट ठेवते. एके वर्षी एका मुलानं बोटांनी वेचायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागली. मग मी सांगितलं, चेत्वेर्त हे जुनं रशियन धान्यमाप, आजच्या हिशेबानं सुमारे २१० लिटर. त्यानं मोबाइल काढला, वाटी दीडशे मिलिलिटरची धरली आणि हिशेब केला: “मॅडम, एकोणचाळीस दिवस. न झोपता.” गोष्टीत ते एका दिवसात करायचं असतं. मागच्या बाकावरची नांदेडकडची मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “पण हे वेचायचं कशाला? चाळायचं ना.” वर्ग हसला. मग हसायचा थांबला, कारण बाबा यागाची दुसऱ्या दिवसाची अट त्यांच्या लक्षात आली. त्या दिवशी खसखशीत माती मिसळलेली आहे, आणि तिथे चाळणीचं काही चालत नाही. गोष्ट रचणारीला चाळणी कुठे संपते आणि पाखडणं कुठे सुरू होतं ते माहीत होतं. हे त्या मुलीनं वर्गाला समजावलं, मी नाही.

याला उपयोजन म्हणत नाहीत, मान्य. पण त्याच मुलीनं त्या सत्रात पंधरा पानी निबंध लिहिला, रशियनमध्ये. आदल्या वर्षी तिला रशियनमध्ये सलग पाच वाक्यं बोलता येत नव्हती.

आणि ज्याला तुम्ही उपयोजन म्हणता तेही घ्या. माझी एक माजी विद्यार्थिनी पुण्यात भाषांतराचं काम करते. एका यंत्रांच्या करारावरून चाललेल्या पत्रव्यवहारात समोरच्या रशियन व्यवस्थापकानं लिहिलं, हे काही ‘श्चूकेच्या हुकमानं’ होणार नाही. शब्दकोशात श्चूका म्हणजे एक मासा. येमेल्या नावाच्या आळशाची गोष्ट जिनं वाचली आहे तिला कळतं की या माशाचं नाव घेतलं की बादल्या आपोआप घरी चालत येतात आणि चूल गाडीसारखी रस्त्यानं धावते. म्हणजे व्यवस्थापक सांगत होता, कष्टाशिवाय हे होणार नाही, मुदत वाढवा. व्यावसायिक रशियनच्या पुस्तकात हा मासा सापडत नाही.

दुसरी तक्रार अधिक मनाला लागलेली आहे. मंडळाच्या बैठकीत, मी हजर नसताना, पण हजर असलेल्या दोघांनी वेगवेगळं सांगितल्यामुळे मला खात्री आहे, एक सदस्य म्हणाले, “गोष्टी आजी सांगते, रडगाणी बायका गातात, त्याला विद्यापीठ कशाला?” सगळे हसले म्हणे. बोलणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. त्यांनी नकळत माझ्या पेपराची प्रस्तावनाच सांगितली. आजी सांगते, हे खरंच. मग आजीचं नाव कुठे आहे?

अलेक्सांद्र आफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचा जो संग्रह काढला, त्यात सुमारे सहाशे कथा आहेत. बहुतेकींना सांगणाऱ्याचं नाव नाही. ‘सुंदर वासिलीसा’ त्यातलीच. कुणी सांगितली, चुलीपाशी की चरख्यापाशी, नोंद नाही. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली याच संग्रहातल्या शंभर कथा घेऊन परीकथेची ३१ कार्यं, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, आणि सात भूमिका मांडल्या. जगभर लोकसाहित्याचा अभ्यास त्यावर उभा राहिला, मीही त्यावरच शिकले. पण त्या सात भूमिकांत राजकन्येला स्वतंत्र जागा नाही. ‘राजकन्या आणि तिचे वडील’ अशी दोघांना मिळून एक. हे वाचताना दर वर्षी एखादी मुलगी मान वर करून माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, तिला पुढे वाचू देते.

वासिलीसाला सुंदर म्हटलंय खरं, पण राजाशी तिचं लग्न सौंदर्यानं होत नाही. ती आधी सूत कातते, केसासारखं बारीक. तिची जादूची बाहुली तिला रातोरात माग करून देते. हिवाळा संपता संपता असं तलम कापड तयार होतं की दोऱ्यासारखं सुईच्या नेढ्यातून ओवता यावं. ती ज्या म्हातारीकडे राहते, ती ते राजाला भेट देते. राजाच्या शिंप्यांना त्याचे सदरे शिवायला जमत नाहीत, आणि म्हणून जिनं विणलं तिलाच शिवायला बोलावतात. आधी कापड बोलतं, रूप नंतर दिसतं. त्या कारागिरीकडे बघायला शिकवायचं म्हणजे जवस उपटण्यापासून ते कुजवणं, कुटणं, विंचरणं, कातणं इथपर्यंत सगळं शिकवावं लागतं. मग विद्यार्थ्यांना कळतं की हिवाळ्याच्या लांब रात्री बायका एकत्र जमून कातत, रशियात त्याला ‘पोसिदेल्की’, युक्रेनमध्ये ‘वेचोर्नित्सी’, बल्गेरियात ‘सेद्यान्का’, सर्बियात ‘प्रेलो’ म्हणत, आणि गोष्टी, गाणी, कोडी, लग्नाच्या वाटाघाटी हे सगळं तिथेच चाले. आपल्याकडे जातं होतं तसं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचं नाव आणि गाव लिहून घेतलं. त्यांना कुणी विचारलं असेल का, की हे आजी गाते, याला एवढी खटपट कशाला?

सर्बियाचं उदाहरण मुद्दाम देते, कारण बैठकीत ‘वीररसाचं काहीतरी ठेवा, हे बायकी काढा’ असंही कुणी म्हणालं. लोकगीतं गोळा करणारे वूक काराजिच यांनी १८२४ सालीच सर्बियन गाण्यांचे दोन ढीग केले: ‘वीरगीतं’, जी पुरुष गुस्ले हे तंतुवाद्य वाजवत लोकांसमोर म्हणतात, आणि ‘बायकांची गाणी’, जी एकदोघी आपल्यापुरती गुणगुणतात. विभागणी सोयीची आहे आणि अजून चालते. गंमत अशी की कोसोवोच्या लढाईनंतर रणांगणावर जखमींना पाणी आणि वाइन पाजत फिरणाऱ्या तरुणीचं जे गाणं सर्बियात आजही सगळ्यांना येतं, ते काराजिचना मिळालं एका अंध बाईकडून. ती ग्रगुरेव्हत्सी गावची. तिची नोंद तेवढीच आहे: ग्रगुरेव्हत्सीची आंधळी. वीरगीत टिकवलं बाईनं, आणि नाव टिकलं गावाचं.

आणि रडगाणी. मराठीत हा शब्द कुरकुरीसाठी वापरतात, आपल्या भाषेलाच त्या गाण्यांचा कंटाळा आलेला दिसतो. रशियाच्या उत्तरेला ओनेगा सरोवराकाठी इरिना फेदोसोवा नावाची बाई होती. जन्म १८२७, लहानपणी घोड्यावरून पडून पाय अधू झालेला, अक्षरओळख नाही. मयत असो, लग्न असो, सैन्यात भरती झालेल्या मुलाला निरोप द्यायचा असो, विलाप गायला तिला बोलावत. १८६७ मध्ये पेत्रोझावोद्स्कमधले एक शिक्षक, येल्पिदिफोर बार्सोव, तिच्याकडून हे विलाप उतरवून घेऊ लागले. १८७२ साली त्याचा पहिला खंड छापला गेला. त्यात गावच्या मुखियाच्या मरणावरचा एक विलाप आहे. गावाच्या बाजूनं बोलला म्हणून साहेबानं त्याला कोठडीत घातलं आणि तो मेला. फेदोसोवा मेलेल्याबद्दल रडता रडता अन्यायी अधिकाऱ्यांना शाप देते. सगळ्या गावासमोर, मोठ्यानं, आणि कुणी तिला अडवू शकत नाही, कारण मयताच्या घरी विलाप करणाऱ्या बाईला अडवायचं नसतं. सभेत हेच बोलली असती तर तुरुंगात गेली असती. रशियन कवी नेक्रासोव यांनी आपल्या मोठ्या काव्यात या विलापांतून थेट घेतलं आहे. १८९६ मध्ये निझ्नी नोव्गोरोदच्या प्रदर्शनात ती गायली तेव्हा मॅक्सिम गॉर्की श्रोत्यांत होते. त्याच वर्षी फोनोग्राफवर तिचा आवाजही घेतला गेला.

हे मी तीन तासांत शिकवते. तिसऱ्या तासानंतर चहाला जायची घाई कुणालाच नसते. एकदा एक मुलगा म्हणाला, त्याच्या गावी आजोबा गेले तेव्हा आजी दोन दिवस असंच काहीतरी बोलत होती, चालीत, आणि घरच्यांनी ‘आता पुरे’ म्हणून तिला गप्प केलं. काय बोलत होती ते कुणी ऐकलं नाही. त्यानं सत्राच्या प्रकल्पासाठी घरी जाऊन तिला विचारलं. तिला बरंच आठवत होतं. ध्वनिमुद्रण विभागात आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

तिसरी तक्रार छोटी. एका सदस्यांचं म्हणणं पडलं की सध्याच्या परिस्थितीत रशियन लोककथा नकोत. दुसऱ्यांचं म्हणणं, रशियन विभागात चेक, सर्बियन, युक्रेनियन कशाला. दोन्ही एकाच बैठकीत, आणि दोन्ही कारणांनी एकच पेपर बंद. पहिल्या सदस्यांना मी सांगू इच्छिते की या पेपरात एक अख्खं प्रकरण युक्रेनचं आहे. युक्रेनियन लेखिका ओलेना प्चील्का यांनी १८७६ मध्ये कीव्हला युक्रेनियन भरतकामाच्या नक्ष्यांचं पुस्तक छापलं. त्याच वर्षी झारनं युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापायला बंदी घालणारा हुकूम काढला. भाषेवर बंदी आली, नक्षीवर आणता आली नाही. वर्गात आम्ही ‘रूश्निक’च्या, म्हणजे लग्नात, बारशात, मयतात लागणाऱ्या भरतकामाच्या लांब टॉवेलच्या, लाल-काळ्या नक्ष्या शेजारी ठेवून वाचतो. साम्राज्य आणि बायकांचं हातकाम यांचं नातं याहून सोपं करून मला शिकवता येत नाही. युद्ध चालू असताना हे शिकवायचं नाही तर केव्हा? दुसऱ्या सदस्यांना एवढंच: आपल्या विभागाच्या पाटीवर ‘रशियन व स्लाव्ह अभ्यास’ लिहिलेलं आहे, आणि या तिन्ही स्लाव्हच भाषा आहेत. पाटी तुमच्याच कार्यकाळात बदलली, फीत कापतानाचा फोटो संकेतस्थळावर आहे.

चौथी तक्रार वाचनालयाची. १९८० च्या दशकात आलेली रशियन पुस्तकं, त्यात आफानास्येवचे तिन्ही खंड, ‘पाच वर्षांत वाचक नाही’ या निकषावर रद्दीच्या यादीत गेली. वाचक नाही, कारण ती पुस्तकं बारा वर्षं माझ्या टेबलावर विभागीय वाचनासाठी आहेत आणि मुलं तिथेच वाचतात, नोंदवहीत सही होत नाही. ही चूक माझी. सह्या घ्यायला हव्या होत्या. पण त्याची शिक्षा पुस्तकांना नको.

आणखी एक, तक्रारीच्या यादीत बसते की नाही माहीत नाही. परदेशी पाहुणे आले की आपल्या विद्यापीठात चौलला उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन प्रवाशावर भाषण होतं, दर वेळी, तेच. पाचशे वर्षांपूर्वीचा घोड्याचा व्यापारी आपल्याला उपयोजित वाटतो. त्याच्या गावच्या बायका काय गात होत्या हे विचारलं की ते रडगाणं.

माझ्या मागण्या अशा:

१) हा पेपर किमान पुढची दोन वर्षं ऐच्छिक म्हणून चालू ठेवावा. दहा विद्यार्थी मिळाले नाहीत तर मी स्वतः तो बंद करायचा अर्ज देईन. गेल्या वर्षी बावीस होते, त्यात नऊ मुलगे.

२) व्यावसायिक रशियनला माझा विरोध नाही. दोन्ही ऐच्छिक ठेवा, मुलांना निवडू द्या.

३) ‘उपयोजितता कमी’ हा निष्कर्ष कशावरून काढला, ते बैठकीच्या इतिवृत्तासह लेखी कळवावं.

४) रद्दीच्या यादीतली स्लाव्ह लोकसाहित्याची ४१ पुस्तकं यादीतून काढावीत. विकायचीच असतील तर रद्दीच्या भावानं मी घेते, पण त्याआधी विभागाला विचारलं जावं.

५) अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला वीस मिनिटं मिळावीत. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना बैठकीत बसता येत नाही हा नियम मला माहीत आहे. निमंत्रित म्हणून बोलावता येतं, हाही नियमच आहे.

शेवटचं, कपाटाबद्दल. विभागातल्या खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, बारा वर्षांच्या प्रकल्पांची ध्वनिमुद्रणं आहेत. सुरुवातीची सीडीवर, नंतरची पेन ड्राइव्हवर, प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सांगणारीचं नाव, वय, गाव आणि ती सांगताना काय काम करत होती ते, कारण हे लिहिल्याशिवाय मी प्रकल्प स्वीकारत नाही. मराठवाड्यातल्या आज्या आहेत, कोकणातल्या आहेत, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली एक बल्गेरियन बाई आहे जिनं ‘लाझारुवाने’ची, म्हणजे वसंतात मुलींनी दारोदार जाऊन म्हणायची, चार गाणी मला फोनवर म्हणून दाखवली. तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरीचा आवाज ऐकू येतो.

कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. पेपर जूनपासून खरंच बंद होणार असेल तर ती कुणाच्या ताब्यात द्यायची, ते ३१ मेपर्यंत लेखी कळवावं. तोंडी निरोपावर मी ती देणार नाही.

आपली,
रशियन विभागातील तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका